आधी कडा बघा

आमच्या शाळेत नवा माणूस रुजू झाला की पहिल्या आठवड्यातच देवकते सरांबद्दल त्याचं मत ठरून जाई : हा माणूस आढ्यतेखोर आहे. आपण व्हरांड्यात बाजूने जाताना नमस्कार करावा आणि यांनी तो हवेत विरू देऊन सरळ पुढे चालू लागावं. दुसऱ्या आठवड्यात हे मत डळमळे, कारण तेच देवकते सर अख्खी मान वळवून आपल्याला शोधून काढत आणि म्हणत, “सर, जेवलाव का? न्हाई तर चला घरी. पिठलं हाय, भाकर हाय. लाजू नगा.” माझंही तसंच झालं. पहिल्या आठवड्यात मी त्यांच्यावर चिडलो आणि दुसऱ्या आठवड्यात त्यांच्या घरी जेवलो. पुढे चिडणं राहून गेलं आणि जेवण चालू राहिलं.

धोंडिराम देवकते आमचे चित्रकलेचे शिक्षक. मी विज्ञानाचा, पेडगावचा, नवा कोरा आणि बिनलग्नाचा. शाळा ज्या गावात होती त्याचं नाव मुद्दामच सांगत नाही, कारण आमच्या चेअरमनसाहेबांचं खानदान अजून तिथे आहे आणि पुढे त्यांचा उल्लेख यायचा आहे. चुडावा स्टेशनला उतरून सायकल मारत जावं लागे, एवढं पुरे. देवकते सर स्टेशनामागे एका पत्र्याच्या घरात भाड्याने राहत आणि मीही जवळच खोली घेतली होती. वर्षं विद्यापीठाच्या नामांतराची होती. आज बंद, उद्या रेल रोको, परवा कुणाच्या तरी सभेला बंदी. कुणी कुणाच्या ओट्यावर बसायचं, यावरून माणसं एकमेकांना जोखत.

सर मूळचे राणीसावरगावचे. घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. अंगाने उंच, हाडापेराने मजबूत, आवाज रानात हाका मारून कमावलेला. फोटोग्राफी ते हैदराबादला शिकले, चित्रकलेच्या परीक्षेला गेले तेव्हा एका फोटोवाल्याकडे राहून. पण विचारलं तर म्हणायचे, फोटो आपल्याला बापाने शिकवला.

“आमचा बाप कळपाच्या मधी कदीच बघत नव्हता,” ते सांगत. “मधलं मेंढरू जातंय कुटं? बाप कडंकडंनं नजर फिरवायचा. कोन मागं ऱ्हायलंय, कुटं झाडी हाय, लांडगं आलं तर कुटून यील. फोटोचं बी तसंच हाय सर. मधी काय हाय ते आंधळ्याला बी कळतं. तुमी आदी कडा बघा.”

रविवारी सकाळी शाळेच्या व्हरांड्यात ते फोटोग्राफीचा वर्ग घेत. फुकट. चुडाव्याचे गफार टेलर यायचे. त्यांना लग्नसराईत कपड्यांबरोबर फोटोचंही काम मिळवायचं होतं. सिद्धार्थ नावाचा मॅट्रिक झालेला तरुण वस्तीतून यायचा. त्याला पूर्णेला स्टुडिओ टाकायचा होता. मी यायचो, कारण रविवारी मला दुसरं काही काम नव्हतं. आणि यायची वनमाला, सरांची एकुलती एक लेक. सगळे तिला वनू म्हणत. कॅमेरा एकच होता, सरांचा, आणि त्यात रोल नसे. रोल परवडत नव्हता, हे खरं. पण सरांचं म्हणणं असं, की हातात रोल असला की माणूस बघायचं सोडून खटका दाबतो.

मग आम्ही रोलाशिवाय फोटो काढायचो. लग्नपत्रिकेच्या जाड कागदाला मधोमध चौकोनी खिडकी कापायची, हात लांब करून ती धरायची, एक डोळा मिटायचा आणि समोर जे दिसेल त्याच्या चार कडा आधी सांगायच्या. वर काय, खाली काय, डावीकडे काय, उजवीकडे काय. मधलं सगळ्यात शेवटी. माझ्या चौकटीच्या वरच्या पट्टीवर ‘श्री कृपेकरून’ एवढी अक्षरं उरली होती, त्यामुळे मला प्रत्येक दृश्य देवाच्या कृपेनेच दिसायचं. गफारभाईंना या प्रकाराचा भारी वैताग.

“काय दिसायलंय, गफारभाई?”

“बैल दिसायलाय.”

“बैल न्हाई इचारला. कडंला काय हाय?”

“आता बैलाच्या कडंला काय असनार सर? शेपूट असंल!”

“असंल न्हाई. बघा. आन् सांगा.”

गफारभाई पुन्हा बघत, आणि मग त्यांना कडेला अर्धी कापली गेलेली म्हातारी दिसे, वरच्या बाजूला लटकणारी तार दिसे, खाली बैलाचे खूर चौकटीबाहेर गेलेले दिसत. “या अल्ला,” ते म्हणत, “ह्या बैलाला पायच न्हाईत.” सर खूश.

रंगाचा रविवार वेगळा. आदल्या आठवड्यात फर्मान निघे, पुढच्या वेळी प्रत्येकाने हिरवं आणायचं. गफारभाई पोपटी ब्लाउजपिसाची चिंधी आणत, सिद्धार्थ केळीचं पान आणे, मी मंडईतून मिरच्या उचले. वनू लिंबाचा पाला, कच्ची चिंच आणि आईची एक बांगडी आणायची. ते सगळं आधी काळ्या मातीवर मांडायचं, मग पोत्यावर, मग चुन्याच्या भिंतीपाशी. पोत्यावर मेलेली मिरची काळ्या मातीवर अशी काही उठून दिसे की सिद्धार्थ टाळ्या वाजवे. मग सर त्या हिरव्यात कुठेतरी एकच लाल फडकं ठेवत आणि विचारत, “आता नजर आदी कुटं गेली? आन् कुटं जायला पायजे व्हती?” रंगीत रोल आम्ही तेव्हा डोळ्यांनीही पाहिला नव्हता. रंगीत फोटो धुवायला लांब पाठवावे लागत. पण रंगाचा अभ्यास आमचा चोख चालला होता.

तिसरी कसरत मात्र मला कुठल्याही फोटोग्राफीच्या पुस्तकात सापडलेली नाही. स्टुलावर एकाने बसायचं. सर त्याच्या पुढ्यात बसत. त्याने सरांच्या नाकाच्या शेंड्याकडे बघत राहायचं, बुबुळ हलवायचं नाही. मी पाठीमागे उभा. माझ्या हातात काठ्या, त्यांना गफारभाईंच्या दुकानातली रंगीत फडकी बांधलेली. मी एक काठी त्याच्या कानाच्या मागून हळूहळू पुढे आणायची. फडकं दिसलं की त्याने ‘आलं’ म्हणायचं आणि रंग सांगायचा. “फोटोवाल्याला कडंचं कळाय पायजे,” सर म्हणत. आम्ही आळीपाळीने बसायचो. वनूची पाळी आली की सर तिच्या डोळ्यांत असं बघत, की मला वाटे, हा माणूस श्वास घेतोय की नाही.

ही कसरत कशासाठी होती हे मला एका दुपारी कळलं, आणि ते तुम्हालाही आत्ताच सांगून टाकतो.

अखेर एकदाचा रोल आणला होता आणि प्रत्येकाने एकमेकांचे फोटो काढले होते. ते धुवायला शाळेच्या सामानाची खोली. खिडकीला गोणपाट, वर लाल दिवा. आत सर, मी आणि वनू. वनू तेव्हा सातवीत असेल. मी बघितलं, तर सर हाताने चाचपत ट्रे शोधत होते. कागद बुडवला आणि मान वर करून नुसते उभे राहिले. ट्रेकडे बघत होती वनू.

“आलं अण्णा. आलं, आलं.”

“कोन आलं?”

“गफारचाचा. मिशी आली. आता डोळे यायलेत. आता टोपी. काढा अण्णा, काढा, काळं व्हायलंय!”

सर इतके मोठ्याने हसले की बाहेर शिपाई दचकला असेल. फोटो धुऊन झाले, वनू मैदानात पळाली आणि आम्ही दोघे उन्हात पायरीवर बसलो. तेव्हा ते काहीही आडपडदा न ठेवता म्हणाले, “सर, मला आत काईच दिसत न्हाई. लाल दिवा तेवढा दिसतोय. ट्रे न्हाई, कागद न्हाई, माजा हात न्हाई.”

मी काही बोलायच्या आत त्यांनी खिशातून आपली ती पत्रिकेची चौकट काढली आणि लांब केलेल्या हातात माझ्या तोंडासमोर धरली. “भाईर उजेडात मला एवडं दिसतंय. चौकटीत हाय तेवडं. चौकटीच्या भाईर काळं बी न्हाई सर. भाईर कायच न्हाई. दर साली ही खिडकी बारीक व्हायली.”

हैदराबादच्या दवाखान्यात दाखवून झालं होतं. डोळ्याच्या आतला पडदा कडेकडून मरत येतो. आधी अंधारातलं जातं, मग बाजूचं, मग उरलंसुरलं. इलाज नाही. डॉक्टरने विचारलं होतं, बायको नात्यातली का? होती. मामाचीच मुलगी. आमच्याकडे मामाची मुलगी सोडून बाहेर बघायचं म्हणजे मामाचा अपमान. आणि तो मामाही दिवेलागणीनंतर दाराच्या चौकटीला धडकायचा. घरात सगळे त्याला रातांधळा म्हणत आणि बकऱ्याची कलेजी खाऊ घालत. सरांनाही लहानपणी तीच खाऊ घातली होती, आणि तिने गुण आला असं अख्खं घर समजून चाललं होतं.

“रगतातून येतंय म्हनला डाक्टर,” सर म्हणाले. “दोनी बाजूंनी आलं तर पोरीत बी उतरंल. न्हाई बी उतरनार. शाळा सरंस्तोवर कळंल म्हनला. आन् एक म्हनला, पोरीला नात्यात देऊ नगा.”

“मग वनूला नेऊन दाखवा ना तिकडे,” मी म्हणालो.

“दाखवून काय करू? इलाज हाय का? नुसतं पोरीला न्हेलं म्हनून बोभाटा व्हनार. मग तिला कोन करनार?” मग चौकट खिशात ठेवत म्हणाले, “ती आत बघायली सर. तुमी ऐकलं का? मिशी आली म्हनली. अंदारात बघायली माजी पोरगी.”

म्हणून ती कसरत. ती एकट्या वनूला करायला लावली असती तर तिला शंका आली असती, म्हणून आम्ही सगळेच स्टुलावर बसायचो. सरांना समोरच्याची बुबुळं दिसत, पण माझ्या हातातली काठी दिसत नसे. म्हणून काठी धरायला मी. त्या दिवसापासून दर रविवारी मी ती काठी धरताना मनात देवाचं नाव घेऊ लागलो. मी शाळेत डोळ्याची आकृती शिकवायचो. फळ्यावर भिंग, बुबुळ, पडदा काढून बाण मारायचो, पोरं नावं पाठ करून पैकीच्या पैकी गुण मिळवायची. तो पडदा कडेने जळत चालला तर काय करायचं, हे त्या धड्यात कुठेच नव्हतं. माझ्या विषयाचा मला इतका राग पूर्वी कधी आला नव्हता.

बाहेरून बघणाऱ्याला मात्र या माणसाच्या पोटात काही आहे असं वाटलंही नसतं. शाळेच्या वार्षिक फोटोची गोष्ट आठवते. मधोमध खुर्चीवर चेअरमनसाहेब, गळ्यात हार, बाजूला हेडमास्तर, मग आम्ही, मागे बाकांवर पोरं. सर तिपाईवरच्या कॅमेऱ्यात बराच वेळ इकडून तिकडे बघत राहिले. त्यांना एका नजरेत सगळं मावत नव्हतं, हे मला ठाऊक. इतरांना वाटलं, कारागिरी चालली आहे. मग ते उठून म्हणाले, “कडंची पोरं मधी घ्या. साहेबांच्या मागं.”

कडेला कोण उभं होतं, ते सांगायला नको. वस्तीतली पोरं. कुणी तसं सांगितलं नव्हतं, ती आपली आपण कडेला जाऊन उभी राहिली होती. चेअरमनसाहेबांच्या कपाळावर आठी चढली. “मास्तर, हायत तितं राहू द्या की त्यांला.”

“राहू दिलं असतं साहेब,” सर एकदम नम्र. “पन ह्या कॅमेऱ्यात कड कापली जाती. पोरांची अर्दी तोंडं येतील. तुमी तर मधीच हायत, तुमाला काई व्हत न्हाई.”

आता कॅमेऱ्याशी वाद कोण घालणार? पोरं मध्ये आली. त्या फोटोत चेअरमनसाहेबांच्या दोन्ही खांद्यांमागून त्यांचीच तोंडं हसताना दिसतात. कॅमेऱ्यात कड वगैरे काही कापली जात नव्हती. सिद्धार्थला ते माहीत होतं. पुढचे कित्येक दिवस तो नुसता सरांकडे बघून हसायचा.

असा माणूस. आणि याच माणसाची फजितीही मी डोळ्यांनी बघितली.

वनू तेव्हा दहावीत होती. भाऊबीज होती. मी घरी गेलो नव्हतो, म्हणून सरांच्या बायकोने, वहिनींनी, मला जेवायला बोलावलं होतं. राणीसावरगावहून सरांची थोरली बहीण, आक्का, आली होती, बरोबर तिचा मुलगा बालाजी. बालाजी नुकताच प्राथमिक शाळेवर लागला होता. लाजाळू, सरळ, दृष्ट लागेल असा पोरगा. वनूच्या बारशालाच आक्काने सांगून ठेवलं होतं, ही माझी सून. भावाच्या लेकीवर आत्याचा पहिला हक्क, यात तिकडे कुणाला शंका नसते. आक्काने सरांना कडेवर घेऊन वाढवलं होतं. आई मेंढरांमागे, बाप मेंढरांमागे, पोर आक्काच्या कडेवर.

दिवेलागणीची वेळ. अंगणात शहाबादी फरशीवर रांगोळी, पाटावर सर. शेजारच्या पाटावर मी. आक्काने ओवाळलं आणि तबक पुढे धरून तशीच थांबली.

“धोंडू, औंदा ववाळणी मी मागून घेनार. मला वनू दे.”

चुलीपाशी वहिनींचा हात थांबलेला मला दिसला. बालाजी उगाच आकाशाकडे बघू लागला.

“आक्का, पोरगी ल्हान हाय. शिकू दे तिला,” सर म्हणाले.

“शिकू दे की. मी काय उद्या न्यायली का? नुसतं व्हय म्हन.”

सरांनी आक्कासाठी चांदीची जोडवी घडवून आणली होती, ती मुठीत होती. ते हसले, कसंनुसं, आणि हात पुढे केला. तबकातल्या निरांजनाची ज्योत त्यांच्या डोळ्यांपुढे होती आणि तिच्याभोवती त्यांच्यासाठी काहीच नव्हतं. त्यांचा हात तबकाच्या कडेबाहेर गेला होता. त्यांनी मूठ उघडली. जोडवी फरशीवर खणखणली. एक तिथेच पडलं आणि दुसरं घरंगळत भिंतीपर्यंत गेलं.

कुणी हललं नाही. सरांना आवाजावरून कळलं असणार, पण वाकून शोधायला गेले असते तर चाचपावं लागलं असतं. ते दोन्ही हात मांडीवर ठेवून ताठ बसून राहिले.

“न्हाई म्हनायचं तर तोंडानं म्हनायचं व्हतं, धोंडू,” आक्का म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, बसला. “माजी ववाळणी भुईवर फेकलीस?”

मी तोंड उघडलं. सरांनी शेजारून माझ्या गुडघ्यावर हात दाबला. एक वाक्य पुरलं असतं. ‘आक्का, त्यांना दिसत नाही हो,’ एवढंच. पण ते वाक्य आठवड्याभरात सगळ्या गंगाखेड तालुक्यात फिरलं असतं, देवकत्याचे डोळे चाललेत, घराण्यात आहे. मग वनूला करून घ्यायला कोण पुढे आलं असतं? आणि आक्का, मला आता पक्कं वाटतं, आक्का ते ऐकून मागे हटली नसती. ती म्हणाली असती, मग तर मीच करते तिला, घरचीच हाय, मी संबाळते. सरांना सगळ्यांत जास्त भीती याच मायेची होती.

आक्का न जेवता बालाजीला घेऊन स्टेशनवर जाऊन बसली. वहिनी मागे धावल्या, हात जोडले, उपयोग झाला नाही. त्या परत आल्या तेव्हा वनू फरशीवर बसून भिंतीकडचं जोडवं हाताने शोधत होती. मला वाटलं, रडतेय म्हणून सापडत नाही. मी उचलून दिलं.

त्यानंतर त्या घरात भाऊबीज झाली नाही. राणीसावरगावचा निरोप बंद झाला. सर वर्गावर जात, पोरांना फुलदाणी काढायला लावत, आणि रविवारी मात्र पूर्वीपेक्षा जास्त उत्साहाने स्टूल मांडत. कारण आता सगळी भिस्त त्या स्टुलावर होती. बहीण गेली, पण पोरीची नजर शाबूत आहे, हा एवढाच हिशेब त्यांनी धरून ठेवला होता. वनू दर रविवारी वेळेवर ‘आलं’ म्हणायची आणि पुढचा आठवडाभर हा माणूस हवेत असायचा. “अकरावीला परभनीला घालतो,” म्हणायचे. “शिकलेल्या घरात दीन. लांब दीन. नात्याचा वारा लागू देनार न्हाई.”

वनूने फोटो धुवायला आत यायचं सोडलं होतं. फोटो पक्के करायच्या हायपोच्या वासाने डोकं दुखतं म्हणायची. सरांनी ते खरं मानलं. मीही मानलं. त्या वासाने माझंही डोकं दुखायचंच.

पुढे माझी बदली झाली. शेवटच्या रविवारी वर्गात आम्ही तिघेच होतो. सिद्धार्थचा पूर्णेला स्टुडिओ झाला होता. गफारभाई लग्नसराईत गुंतले होते आणि रंगीत रोल वापरू लागले होते. बैलाचे पाय आता सोडत नसत. वनू स्टुलावर बसली, सर तिच्यासमोर, मी मागे. लाल फडक्याची गाठ सुटली होती, म्हणून मी काठी खाली धरून ती बांधत होतो. हात अजून वर उचललाच नव्हता. फक्त एक पाऊल पुढे टाकलं होतं.

“आलं अण्णा,” वनू म्हणाली. “लाल.”

मी तसाच उभा राहिलो. मग मी पिवळं फडकं उचललं, आणि पाऊल न हलवता, नुसता हात लांब करून ते तिच्या कानाशी नेलं, कानाच्या पुढे नेलं, गालाच्या पुढे नेलं. ती सरांच्या नाकाकडे बघत होती. शांत. वाट बघत. मी पाय हलवला, चपलेचा आवाज झाला.

“आलं. पिवळं.”

मी नेहमी आधी लाल घ्यायचो, मग पिवळं, मग हिरवं. आणि काठीबरोबर माझं पाऊल पडायचं. इतकी वर्षं तेच. तिला माझं सगळं पाठ होतं.

“बघितलं का सर?” देवकते सरांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. “कानाच्या मागून बघायली! आता तुमी खुशाल जावा. माजा घोर मिटला.”

ते स्टूल आत ठेवायला गेले. वनूने मान, अख्खी मान, माझ्याकडे वळवली.

“सर, अण्णाला सांगू नगा.”

“कधीपासून?” मी विचारलं.

“लय दिवस झाले. आदी अंदारात जायलं. आता कडंचं.” ती अगदी साधं बोलत होती, शाळेतला धडा सांगितल्यासारखं. “मला कळतंय की सर. अण्णाचं बघतच वाडले मी. त्यांला एवडं एकच सुख हाय. ऱ्हाऊ द्या.”

मी बाप्या माणूस, शिकलेला, सरकारी पगाराचा. त्या पोरीसमोर मी काठ्यांची फडकी सोडू लागलो. सांगून कोणाचं काय भलं होणार होतं? न सांगूनही काय होणार होतं? इलाज नव्हता, डॉक्टर नव्हता, आत्याचं घर तुटलं होतं आणि पुढच्या आठवड्यात मीही नसणार होतो. सर बाहेर आले. मी म्हणालो, “हो सर, चांगली नजर आहे तिची.” दुसरं काय म्हणू शकत होतो?

जायच्या दिवशी संध्याकाळच्या पॅसेंजरला दोघे पोचवायला आले. चुडावा स्टेशनवर तेव्हा उजेड म्हणजे दोन दिवे, तेही एकमेकांपासून लांब. सरांचा हात वनूच्या खांद्यावर होता. लोकांना वाटायचं, लेकीवर किती जीव आहे. दोघे अगदी हळू, फलाटाच्या भिंतीकडेने चालत आले. वहिनींनी धपाटे बांधून दिले होते. “गेल्या गेल्या कार्ड टाका,” सर म्हणाले. “आन् लगीन ठरलं की फोटोला मलाच बोलवा. दुसऱ्याला बोलावलं तर बगा.”

गाडी आली, गर्दी झाली. ट्रंक, वळकटी आणि मी कसेबसे एका दारातून आत कोंबले गेलो. खिडकीपाशी जागा मिळेपर्यंत गाडी हललीसुद्धा. माझ्या पुढच्या डब्याच्या दारात माझ्यासारख्याच पांढऱ्या शर्टातला कुणी तरी लटकत उभा होता. सर आणि वनू दिव्याखाली उभे होते. वनूने त्या पांढऱ्या शर्टाकडे बोट दाखवलं आणि सरांच्या कानाशी काही सांगितलं. सरांनी हात वर केला. दोघे त्याला हात हलवू लागले.

मग माझी खिडकी त्यांच्यासमोर आली. हात बाहेर काढला असता तर सरांच्या बाहीला लागला असता. मी हाक मारायला तोंड उघडलं. पण हाक मारली असती तर वनू मला शोधू लागली असती, आणि तिचं ते शोधणं सरांना कळलं असतं. मी तोंड मिटलं. दोघांचीही तोंडं पुढच्या डब्याकडे वळलेली होती. सर हसत होते आणि उंच हात करून हलवत होते.

दारातला तो माणूस मी ओळखत नाही. भला माणूस असावा. फलाट संपेपर्यंत तोही हात हलवत राहिला.